दोरी सरळ, कपडे तिरपे

लेकीच्या लग्नाची पत्रिका आम्ही हॅरोतल्या घरीच केली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. दोघांच्या नावांसाठी तिनं एक जाडजूड, तिरपा, टोकाटोकाला पाय फुटलेला इंग्रजी टाइप निवडला. बोल्ड इटॅलिक सेरिफ. तुम्ही तो जॅमच्या बाटल्यांवर, पबच्या पाट्यांवर पाहिला असेल. पानभर मजकूर त्यात वाचवत नाही, पण दोनच नावं मोठी करून मांडा, ती नटूनथटून उभी राहतात. आणि मधलं ते 'अँड'चं चिन्ह! मुळात ती लॅटिन 'एत्' या शब्दातल्या दोन अक्षरांची गाठ. इटॅलिकमध्ये ती जरा सैल होऊन दिसते.

मग तिनं मराठी मजकुरालाही तेच बटण दाबलं. संगणकानं कुरकूर न करता देवनागरी कलती करून दिली.

बाबा पुण्याहून आले होते. तरुणपणी त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवलेत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "अगं, दोरी सरळ आहे आणि कपडे वाऱ्यानं उडालेत."

खरंच की. शिरोरेषा आडवीच होती, कलले होते ते काने. जाडीमुळे 'ष'चं पोट बुजलं होतं, अनुस्वार वेलांटीला चिकटला होता. इंग्रजी इटॅलिक म्हणजे नुसतं ढकललेलं अक्षर नव्हे. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसनं त्यात व्हर्जिल छापला, तो तिथल्या लेखनिकांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून. म्हणून त्यातला 'ए' निराळा असतो, 'एफ'ला खाली शेपूट येतं.

भरभर लिहिण्याचं वळण आपल्याकडेही होतं, मोडी. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांतच छापला होता. पुढे छपाईत बाळबोध टिकली, मोडी दप्तरांत राहिली. दोघी एकाच ओळीत नांदल्या असत्या, तर आपलं इटॅलिक तेच झालं असतं, असं मला वाटतं.

"मग आजोबा, तुम्हीच लिहा ना," लेक म्हणाली. बाबा नको म्हणाले. त्यांचा उजवा हात थरथरतो. घरात आम्ही त्याबद्दल बोलत नाही. (नवरामुलगा इंग्रज, त्याच्या नावाला 'चि.' लावायचं का, यावर वेगळा वाद झाला. तो पुन्हा कधीतरी.)

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आले, तर टेबलभर कागद. बाबा लेकीच्या कट-निबच्या पेनानं 'चि. सौ. कां.' गिरवत होते, मनगट विचित्र वळवून. "हा इंग्रजी कट आहे. आपल्या बोरूचं टोक उलट्या बाजूनं कापलेलं लागतं," वर न बघताच ते म्हणाले. मी चहा ठेवला आणि त्यांच्यामागे उभी राहिले नाही.

पत्रिकेवर वर इंग्रजी नावं तिरपी आहेत, खाली मराठी, बाबांच्या हातची, उभी. 'कां'चा काना किंचित कललाय. संगणकावर तो सरळ करता आला असता. लेकीनं हात लावू दिला नाही.