पुन्हा सांगा

विमानतळावरच्या उंच मनोऱ्यात बसून मी तीस वर्षे नोकरी केली. लोक विचारत, "तुम्ही विमान चालवता का?" मी म्हणे, "नाही, मी विमानांशी बोलतो." ऐकणाऱ्याला वाटे, मी थट्टा करतो आहे. पण माझे काम खरोखर तेवढेच होते. कोणते विमान केव्हा उतरेल, कोणते थांबेल, कोणी किती उंचीवर राहायचे, हे वैमानिकाला सांगायचे आणि तो काय म्हणतो ते ऐकायचे. या कामाला हवाई वाहतूक नियंत्रण म्हणतात आणि आम्हांला नियंत्रक. हाताशी रडारचा पडदा असतो, दुर्बीण असते, वाऱ्याचा वेग दाखवणारी यंत्रे असतात. पण सगळा कारभार चालतो तो रेडिओवर ऐकलेल्या शब्दांवर.

हा रेडिओ घरातल्या टेलिफोनसारखा नसतो. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येते. येथे बोलायचे असेल तर बटण दाबावे लागते आणि बटण दाबलेले असेपर्यंत त्या लहरीवरचे दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. एकच लहर अनेक विमाने ऐकत असतात, पण एका वेळी बोलू शकतो तो एकच जण. दोघांनी एकदम बटण दाबले तर बाकीच्यांच्या कानांत नुसती शिट्टी वाजते आणि शब्द हरवतात. बोलणाऱ्या दोघांना मात्र वाटत असते की, आपले बोलणे पोहोचले! मला विचाराल तर या यंत्राचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका लहान विमानतळावर होतो. तेथे एका दुपारी कोणत्या तरी विमानातले बटण दाबलेलेच राहिले. वैमानिकाला त्याचा पत्ता नव्हता. तो शेजारच्या सोबत्याला घरच्या लग्नाची हकीकत सांगत होता आणि जेवणाच्या पंगतीपर्यंतचा सगळा तपशील आम्ही मनोऱ्यात ऐकत होतो. हसू यावे अशीच गोष्ट. पण कोणी हसले नाही. दोन विमाने उतरायला येत होती आणि आम्हांला त्यांच्याशी एक शब्दही बोलता येत नव्हता. आमच्या वरिष्ठांनी छताला टांगलेला संदेशाचा दिवा उतरवला. बंदुकीसारखा रोखून धरायचा हा दिवा प्रत्येक मनोऱ्यात असतो. त्यांनी पुढच्या विमानावर हिरवा प्रकाश धरला, म्हणजे "उतरा". मागच्यावर तांबडा धरला, म्हणजे "वाट द्या, घिरट्या घालत राहा". पुढचे विमान उतरले, मागचे वळून गेले. थोड्या वेळाने ते बटण सुटले. लग्नाचा शेवट काय झाला ते आम्हांला कळले नाही.

रेडिओ बंद पडला तर काय करायचे, याचे नियम पक्के आहेत. वैमानिक एका यंत्रावर ७६०० हा आकडा लावतो; तो रडारच्या पडद्यावर दिसला की आम्ही समजतो, याला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही. मग आम्ही त्याची वाट मोकळी करतो. त्यामुळे रेडिओ अगदी मुका झाला तर मला तेवढी भीती वाटत नसे. भीती वाटे ती निराळ्याच गोष्टीची. रेडिओ चालू आहे, शब्द कानांवर पडले आहेत, आणि दोघांनी त्यांचे दोन अर्थ घेतले आहेत!

तुमच्या घरात "कल" हा शब्द रोज कानांवर पडत असेल. "कल आए थे" आणि "कल आएँगे" यांत घोटाळा होत नाही, कारण पुढचा शब्द आपल्याला सांभाळून घेतो. मराठीत आपण काल आणि उद्या असे वेगळे शब्द वापरतो. आता कल्पना करा, खरखरणाऱ्या रेडिओवर पुढचा शब्द ऐकूच आला नाही आणि नुसता "कल" पोहोचला. ऐकणारा काय करील? आपल्या मनात जे असेल तोच अर्थ घेईल.

२७ मार्च १९७७ रोजी असेच घडले. स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ हे एक बेट. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे अनेक विमाने टेनेरिफच्या लहानशा लॉस रोदेओस विमानतळाकडे वळवली होती. बाजूचा रस्ता उभ्या विमानांनी भरून गेला, म्हणून निघणाऱ्या विमानांना मुख्य धावपट्टीवरूनच चालत जावे लागत होते. त्यात दाट धुके उतरले. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. के. एल. एम. या डच कंपनीचे जंबो जेट धावपट्टीच्या एका टोकाला उड्डाणासाठी उभे होते. त्याच धावपट्टीवर अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचे दुसरे जंबो जेट अजून चालत होते.

नियंत्रकाने डच विमानाला पुढचा हवाई मार्ग कोणता ते सांगितले. उड्डाणाची परवानगी मात्र दिलेली नव्हती. सहवैमानिकाने तो मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी इंग्रजीत म्हटले, "आम्ही आता टेक-ऑफवर आहोत." त्याच्या मनात होते, आम्ही निघालो. नियंत्रक समजला, हे उड्डाणाच्या जागी तयार उभे आहेत. डच भाषेत चालू असलेली क्रिया सांगण्याची जी धाटणी आहे, तीच इंग्रजी शब्दांत उतरली असावी, असे काही भाषाभ्यासकांना वाटते. नियंत्रक म्हणाला, "ओ. के.", आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाला, "थांबा, मी सांगेन." त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा वैमानिक घाईने बोलला, "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत." दोन बटणे एकदम दाबली गेली. डच विमानात "ओ. के." एवढाच शब्द स्वच्छ ऐकू आला आणि पाठोपाठ शिट्टी वाजली.

तरीही एक संधी उरली होती. डच विमानातल्या इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारले, "ते अमेरिकन विमान बाजूला झाले नाही का?" कॅप्टन म्हणाला, "हो तर!" तो कंपनीचा अत्यंत नावाजलेला वैमानिक होता, त्याचे छायाचित्र कंपनीच्या जाहिरातीत झळकत असे. अशा माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारणार? इंजिनिअर गप्प राहिला. काही सेकंदांत धुक्यातून समोर विमान दिसले. ५८३ माणसे मेली. प्रवासी विमानांच्या इतिहासात इतका मोठा अपघात दुसरा झालेला नाही.

त्यानंतर आमच्या धंद्यातली भाषा बदलली. "टेक-ऑफ" हा शब्द आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी "डिपार्चर" म्हणायचे. नुसत्या "ओ. के."वर कोणी विसंबत नाही. परवानगी मिळाली की वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. नाइन हा आकडा तर पूर्वीपासूनच "नायनर" असा म्हणतात. खरखरीत तो फाइव्हसारखा वाटू नये म्हणून.

शब्द ठरवून दिले तरी ते उच्चारावे लागतात. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून आलेले एक विमान न्यूयॉर्कजवळ तासाहून अधिक वेळ घिरट्या घालत राहिले. कॅप्टन सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगत होता, "आणीबाणी आहे म्हणून सांग." सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, "आमचे इंधन संपत आले आहे." "इमर्जन्सी" हा शब्द त्याने उच्चारलाच नाही, आणि तो ऐकल्यावाचून नियंत्रकांनी त्या विमानाला सर्वांच्या पुढे घेतले नाही. इंधन संपून विमान कोसळले. ७३ जण दगावले.

या दूरदेशच्या गोष्टी आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी मात्र बातमी आपल्याच देशातून आली. दिल्लीहून सौदी अरेबियाचे जंबो जेट निघाले होते. त्यात बहुसंख्य प्रवासी नोकरीसाठी आखातात निघालेले भारतीय होते. समोरून कझाकस्तानचे विमान दिल्लीकडे येत होते. येणाऱ्याने १५ हजार फुटांवर राहायचे, जाणाऱ्याने १४ हजारांवर, असे नियंत्रकाने सांगितले होते. समोर विमान आहे, हेही त्याने कळवले होते. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारे यंत्र नव्हते. ते पाहायला त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे. विमान १५ हजारांवर न थांबता खाली येत राहिले. अखेर त्याच रेडिओवाल्याच्या लक्षात आले आणि त्याने वर चढायला सांगितले. पण तेव्हा उशीर झाला होता. हरियाणातील चरखी दादरी गावाजवळच्या शेतांत दोन्ही विमाने कोसळली. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने मुख्य दोष नेमून दिलेली उंची सोडण्याला दिला. कझाक वैमानिकाचे इंग्रजी कच्चे असल्याने सूचनेचा चुकीचा अर्थ घेतला गेला, असेही नोंदवले. अपघातानंतर धडकेचा धोका आधीच ओरडून सांगणारे यंत्र भारतात विमानांना सक्तीचे झाले. मला वाटते, इंग्रजीला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. टेनेरिफच्या त्या कॅप्टनला इंग्रजी काही कमी येत नव्हते.

पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वैमानिक आणि नियंत्रक यांना इंग्रजी संभाषणाची परीक्षा लागू झाली. तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि निदान चौथी गाठावीच लागते. इतकी वर्षे काम केल्यावर मीही तरुण मुलांबरोबर त्या परीक्षेला बसलो. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह यांचे गुण होतेच. पण आणखी एक गोष्ट तपासत होते. नीट न कळलेली गोष्ट उमेदवार विचारून घेतो की अंदाजाने पुढे जातो? परीक्षकांनी एक अस्पष्ट संदेश ऐकवला. माझ्या शेजारच्या मुलाने भराभर उत्तर लिहिले. मी हात वर करून म्हणालो, "पुन्हा सांगा."