लाल चोचीची नोंद

मुंबईतल्या संग्रहालयात मी पक्षी भरायला शिकले ते काचेवर आपटून मेलेल्या तांबटावर. पोटाला लहानसा छेद, कातडी अलगद सोडवायची, आत कापूस, डोळ्यांच्या खोबणीतही कापूस. शेवटी पायाला चिठ्ठी. तारीख, ठिकाण, वजन, नर की मादी. तांबटाचे पाय तेव्हा लाल होते. काही महिन्यांनी ट्रे उघडला तर ते मळकट तपकिरी झालेले, आणि चिठ्ठीवर मी पायांचा रंग लिहिलाच नव्हता. पिसं वर्षानुवर्षं टिकतात. पाय, चोच आणि डोळे यांचा रंग पक्ष्याच्या जिवाबरोबर जातो. ती चूक अजून सलते.

पुढे अरुणाचलमधल्या ईगलनेस्टच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीने जाळी लावली. 2000 मीटरच्या वर, दाट धुकं. अशा गारठ्यात जाळीच्या दोन फेऱ्यांमध्ये वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही; भिजलेला पक्षी जाळीतच काकडून मरतो. तिसऱ्या फेरीला लाल चोचीचा लायोथ्रिक्स अडकला होता. ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने सोडवायचा. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला. संग्रहालयातल्या ट्रेमधल्या याच जातीच्या नमुन्याची चोच कळकट पिवळी होती. ही पिकल्या मिरचीसारखी लाल. बोटांना त्याच्या छातीची थडथड लागत होती. पिशवीत वजन, पट्टीवर पंख, पायात ॲल्युमिनियमचं वाळं. वहीत सगळ्यात आधी चोचीचा रंग लिहिला, मग मूठ उघडली.

याच जंगलात खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांना 1995 मध्ये एक अनोळखी पक्षी दिसला होता. 2006 मध्ये त्यांनी नवी जात म्हणून त्याचं वर्णन छापलं आणि इथल्या बुगुन लोकांवरून नाव दिलं, बुगुन लायोसिक्ला. नव्या जातीसाठी मारून भरलेला नमुना ठेवायचा, ही जुनी रीत. त्यांनी पक्षी पकडला, मापं आणि फोटो घेतले, गळलेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. या जातीचे मोजकेच पक्षी दिसले होते; त्यांतला एक मारणं मला तरी पटलं नसतं. तरीही जुन्या संग्राहकांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या ट्रेंवरच माझी नजर तयार झाली.

पुढच्या हंगामात तिथेच जाळी लावली. एका लायोथ्रिक्सच्या पायात वाळं होतं. चष्मा पुसून नंबर वाचला. मागच्या वर्षीचाच तो. चोच तितकीच लाल.