टीमशिवायचं होम ग्राउंड

उणे अठरा! मोबाइलवरचा आकडा बघून वाटलं, फोन हँग झालाय. पण नाही, कॅनडातलं क्विबेक सिटी फेब्रुवारीत असंच असतं. अंगावर कपड्यांचे चार थर, नाक बधिर आणि समोर किल्ल्यासारखं दिसणारं शातो फ्रोंतनाक हॉटेल. बाकीचे पर्यटक त्याचे फोटो काढत होते. माझं लक्ष मात्र अधूनमधून दिसणाऱ्या निळ्या जर्सींकडे. त्यावर नाव होतं नॉर्डिक्सचं.

गंमत म्हणजे, ही टीम आता नाहीच! 1979 मध्ये ती एनएचएल या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये आली. 1995 मध्ये विकली गेली आणि थेट अमेरिकेत, डेन्व्हरला. तिथे नवं नाव मिळालं, कोलोरॅडो ॲव्हलांच. आणि 1996 मध्ये, पहिल्याच सीझनला, तिनं चक्क स्टॅनले कप जिंकला! झाड आपण वाढवायचं आणि आंबे शेजाऱ्याच्या अंगणात पडायचे, तसं.

तरी शहरानं आशा सोडली नाही. 2015 मध्ये इथे व्हिडिओट्रॉन सेंटर उघडलं. अठरा हजारांवर सीट्स, खर्च सुमारे 37 कोटी कॅनेडियन डॉलर, बहुतेक सगळा सरकारी तिजोरीतून. म्हणजे लोकांच्या टॅक्समधून. फंडा सिंपल होता: आधी स्टेडियम बांधू, टीम येईलच. 2016 मध्ये लीगनं नवी टीम दिली, पण लास व्हेगासला. वाळवंटात बर्फाचा खेळ! क्विबेकचा अर्ज राहिला बाजूला.

असं का? कारण नुसत्या प्रेमावर टीम चालत नाही, बॉस. खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तिकीटविक्री कॅनेडियन डॉलरमध्ये. शहर लहान, त्यामुळे महागडे बॉक्स घेणाऱ्या कंपन्याही कमी. त्यात एन्ट्री फी! व्हेगासनं 50 कोटी अमेरिकन डॉलर मोजले, नंतर सिॲटलनं 65 कोटी.

मग पुढची टीम कुणाला? चर्चेत असतात ह्यूस्टन आणि अटलांटा. लोकसंख्या, कंपन्या, टीव्हीचा प्रेक्षक, सगळंच सॉलिड. पण अटलांटानं दोनदा टीम गमावलीय. 1980 मध्ये ती कॅलगरीला गेली, 2011 मध्ये विनिपेगला. आणि हे विनिपेग साधारण क्विबेक सिटीएवढंच! त्यांचीही टीम 1996 मध्ये गेली होती. गडगंज मालक आणि तयार स्टेडियम होतं, म्हणून 15 वर्षांनी दुसरी मिळाली. म्हणजे लहान शहराला अगदीच चान्स नाही, असं नाही.

संध्याकाळी व्हिडिओट्रॉनमध्ये रेम्पार्ट्स या ज्युनिअर टीमची मॅच बघितली. शेजारच्या सीटवर नातवाला घेऊन आलेले एक आजोबा. नातवाच्या अंगावर नॉर्डिक्सची जर्सी. ''यानं टीम बघितलीच नाहीये,'' मी म्हटलं. आजोबा हसले. ''म्हणून तर घातलीय.''

मी पुणेकर, त्यामुळे गप्प बसले. गहुंज्याला आपलंही स्टेडियम आहे. आयपीएलमधली आपली वॉरियर्स 2013 मध्ये गेली, सुपरजायंट 2017 मध्ये. आणि 2018 मध्ये चेन्नईच्या होम मॅचेस गहुंज्यात आल्या, तेव्हा मी काय केलं? पिवळा टी-शर्ट घालून शिट्ट्या मारल्या!

माझं मत विचाराल तर हिशेब ह्यूस्टनच्या बाजूनं आहे. पण टीम नसतानाही तिची जर्सी नातवापर्यंत पोचवणारं शहर मी एकच बघितलंय.