पत्थरगट्टीच्या पाट्या

अहमदपूरहून मुंबईला जायचे तर तयारीतच आठवडा जातो. हैदराबादचे तसे नाही. एसटीने उदगीर गाठायचे, रात्रीच्या गाडीत बसायचे; भालकी, बीदर, विकाराबाद झोपेतच मागे पडतात. दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघे गेलो: मी, मुलीचे अब्बा, बारा वर्षांची लेक आणि माझी अम्मी.

सकाळी नामपल्लीला उतरून आधी नहारी गाठली. रात्रभर मंद आचेवर शिजलेले पाये, वर लिंबू आणि सोबत गरम कुलचा. आपल्याकडे नहारी घरी होते, पण बकरीदनंतर. इथे ती रोजची. नाश्ता उशिरा करणाऱ्यांना मात्र रिकामे पातेलेच दिसते.

चारमिनार 1591 चा, मुहम्मद कुली कुतुबशाहने बांधलेला. अरुंद जिना बाप-लेक चढून आले. आम्ही दोघी शेजारच्या मक्का मशिदीच्या अंगणात कबुतरे पाहत बसलो. मशिदीचे काम कुतुबशाहीत सुरू झाले आणि 1694 मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरे झाले. अंगणातच आसफजाही घराण्याच्या कबरी आहेत. पहिले निजाम मात्र आपल्या खुलताबादला दफन आहेत, हे लेकीला तिथेच सांगितले.

तिथून सालारजंग म्युझियमकडे पत्थरगट्टीतून पायीच निघालो. अम्मीची शाळा उर्दू चौथीपर्यंत झालेली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी आली की ती नातीला विचारते, "देख गे, कौनसी है?" दवाखान्याची चिठ्ठी, विजेचे बिल, सगळे दुसऱ्याने वाचून द्यायचे. इथे दगडी कमानींखाली अत्तराची, बुरख्यांची, किताबांची दुकाने आणि पाट्यांवर उर्दू. लेकीने सवयीने वाचायला सुरुवात केली आणि अडखळली. ती मराठी शाळेत जाते. अम्मी म्हणाली, "ठैर, ये मेरेकू आताय." मग एकेक पाटी मोठ्याने वाचत ती पुढे आणि आम्ही मागे.

माझ्या नानांचे सारे शिक्षण उर्दूत झाले होते. 1948 मध्ये निजामाचे राज्य गेले, 1956 मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, कचेरीचे कागद मराठीत येऊ लागले. नानांनी उतारवयात बाराखडी गिरवली. अम्मीला ती कुणी शिकवली नाही, मुलीच्या जातीला काय करायची म्हणून. मी शाळेत दोन्ही भाषा शिकवते, पण अम्मीला इतक्या ऐटीत वाचताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

सालारजंगला निदान तीन तास हवेत. शुक्रवारी ते बंद असते, एवढे लक्षात ठेवून निघावे. दर तासाला घड्याळातून बाहुला येऊन टोले देतो, त्यासाठी गर्दी जमते. अम्मीचे मन मात्र किताबांच्या दुकानात अडकलेले. परत येताना तिने उर्दूचा कायदा घेतला, तोही घासाघीस करून.

लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घेतल्या. भाव निम्म्यापासून सुरू करावा. दुकानदार रागावत नाहीत. नंतर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे. परतीच्या गाडीत लेक बिस्किटांचा चुरा सांडत 'अलिफ, बे' म्हणत होती आणि अम्मी चुका काढत होती. विकाराबाद येईपर्यंत दोघी 'जीम'पर्यंत पोचल्या होत्या.