माडाचा शेंडा आणि घरची गायरी

आमच्या मुंजीच्या वर्षीं, म्हणजे १९६७ सालीं, वडिलांनीं गुहागरच्या आमच्या आगरांत एक माड लाविला. ‘रोप बटूएवढेंच आहे, पाहूं आधीं कोण वाढतो तें,’ असें ते विनोदानें म्हणत. पुढें अध्यापनाच्या निमित्तानें आम्ही देशावर गेलों. २०१७ सालीं सेवानिवृत्त होऊन परतलों, तेव्हां माड कौलांच्या कितीतरी वर गेला होता आणि वडील कैलासवासी झाले होते. त्यांच्या हातचें जिवंत असें तेवढेंच एक उरलें होतें.

२०२० च्या सुमारास त्याच्या नव्या झावळ्या कात्रीनें तिरक्या कापल्यासारख्या दिसूं लागल्या. वाऱ्यानें झालें असेल, असा आम्हीं निर्वाळा दिला. नारळ पाडावयास येणारा गडी मात्र शेंड्यांतून शिंग असलेला एक काळा भुंगा तारेच्या आकडीनें ओढून खालीं घेऊन आला आणि म्हणाला, “गुरुजी, हा गेंड्या भुंगा. वर कितीहि मारलेत तरी सरायचा नाहीं. तुमची गायरी उपसा.” चौथीच्या पुढें शाळा न पाहिलेल्या मनुष्यानें आम्हांस शिकवावें, हें आमच्या पंतोजीपणास रुचलें नाहीं. शेणाच्या खड्ड्याचा शेंड्याशीं संबंध तो काय, असें हंसून आम्हीं तो विषय संपविला.

संबंध होता. हा भुंगा अंडीं घालतो तीं कुजलेल्या शेणखतांत आणि सडक्या खोडांत. त्याच्या अळ्या तेथेंच कित्येक महिने पोसतात. आणि पंख फुटले कीं तो रात्रीं उडून माडाच्या मिटलेल्या कोंभांत शिरतो. घडी केलेल्या कागदास एकदां कात्री लाविली म्हणजे उलगडल्यावर सारा कागद कातरलेला दिसतो, तसेंच झावळीचें होतें. कोंवळी पोय पोखरली गेली तर नारळांचा तेवढा घड बुडालाच. परंतु खरा घात याहून पुढचा. त्या जखमेंत तांबडा सोंड्या भुंगा येऊन अंडीं घालतो व त्याच्या अळ्या आंतून गाभाच खातात. इतर वृक्षांची फांदी तुटली तर दुसरी फुटते. माडास वाढीचा कोंभ एकच.

२०२१ च्या पावसाळ्यांत खोडांतून तपकिरी रस झरूं लागला. कान लाविला तों आंत कुरतडल्याचा बारीक आवाज. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राकडे आम्हीं धांव घेतली. तेथें सर्व नीट समजावून सांगितलें गेलें. पण वेळ टळली होती. पितृपक्षांतच शेंडा कलंडला.

दुसऱ्या दिवशीं त्याच गड्यास बोलावून गायरी उपसली. पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वांकलेल्या त्रेचाळीस अळ्या आम्हीं स्वतः मोजल्या. गडी कांहींच बोलला नाहीं. शेवटीं आम्हीच म्हणालों, “तुझें तेव्हांच ऐकलें असतें तर बरें झालें असतें.”

आतां दर दोन महिन्यांनीं आम्ही खत उलथतों, त्यांत अळ्यांस रोग लावणारी मेटारायझियम नांवाची हिरवी बुरशी मिसळतों, आणि उरलेल्या माडांच्या कोंवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरून घेतों. सडकें खोड आगरांत ठेवीत नाहीं. वडिलांचा माडहि त्याच कारणास्तव तोडून जाळावा लागला. त्याचा एक वांसासुद्धां ठेवतां आला नाहीं.

ज्या वाचकांच्या दारीं माड आहे, त्यांनीं शेंड्याकडे मान वर करण्यापूर्वीं एकवार आपल्या गोठ्यामागें पाहून यावें, एवढीच विनंति.