फाळ

देशावरचा जुना नांगर बाभळीच्या लाकडाचा असे. त्यात लोखंड काय ते फाळाचे. हाळीस, रुमणे, जू गावचा सुतार घडवी. बोथट झालेला फाळ लोहार भट्टीत लाल करून ठोके, पाण्यात बुडवून पाजवी आणि सुगीला खळ्यावर बलुते घेई. काळ्या रानात हा नांगर दरसाल चालत नसे, कुळवाच्या पाळ्यांवर भागे. हरळी-कुंदा माजला, की मात्र जड नांगराला चार-सहा बैलजोड्या लागत. एवढी जनावरे एका दावणीला नसत, म्हणून सावड होई.

लाकडी नांगर माती फाडतो, उलटत नाही. लोखंडी नांगराला वळणदार फळी असते. फाळाने कापलेली ढेकळे तिच्यावर चढून पालथी पडतात, आणि हरळीच्या काशा चैत्राच्या उन्हात करपतात. विलायती नांगराच्या धर्तीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी असा नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या.

हे यश खरेच मोठे. पण ते सांगताना लोहार वगळला जातो, हा अन्याय आहे. नव्या नांगराचा बिडाचा फाळ भट्टीत ठोकून वाढत नाही. झिजला की दुकानातून नवा आणायचा, तोही रोख पैसे मोजून. नांगराची दुरुस्ती अशी बलुत्यातून बाजारात गेली.

रोख पैसा उसाने दिला. कालव्याखालच्या उसाला खोल नांगरट हवी होती. 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नांगरटीचे वेळापत्रक गाळपाला बांधले गेले. जिरायतात बदल बियाण्यातून आला. 1964 ची ‘सीएसएच-1’ ही संकरित ज्वारी बुटकी होती: दाणे अधिक, कडबा कमी. बियाणेही दरसाल विकत घ्यावे लागे. वैरण तुटली तशी बैल पोसणे जड झाले; बैल घटले तसे शेणखत घटले, आणि पोत्यातले खत वाढले.

आता नांगरट ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने होते, बहुतेकांची एकरी भाड्याने. भाडे डिझेलच्या दरावर ठरते. बैलजोडी असेल तिथे तिच्याकडे मुख्यतः पेरणी आणि कोळपणी उरली आहे.