जी७ वरचा उंट

सिसिलियन बचावातला ड्रॅगन काळ्याला झेपतो का, हा वाद मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. क्लबातले जाणते खेळाडू म्हणत, "एच फाइल उघडली की काळ्याचं संपलं." मला मात्र ड्रॅगन म्हटलं की आधी उंट दिसतो. पाचव्या चालीत काळा जीचं प्यादं एक घर पुढे सारतो, मागून उंट जी७ वर येऊन बसतो, आणि घाटमाथ्यावरून कोकण दिसावं तशी पटाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंतची तिरपी वाट त्याच्या नजरेत येते. वाटेत घोडे उभे असतात. ते हलले की पांढऱ्या राजाच्या अंगणापर्यंत अडसर उरत नाही.

पांढराही काही कमी नाही. एफ३ वर प्यादं, ई३ आणि सी४ वर उंट, डी२ वर वजीर, राजा वजिराच्या बाजूला कॅसल करून ठेवलेला, आणि मग एचचं प्यादं धावत सुटतं. हाच तो युगोस्लाव्ह हल्ला. इकडे काळ्याचा हत्ती सी फाइलवर येतो. दोन राजे दोन टोकांना, आणि दोघांवरही चाल करून येणारे. एक चाल उशीर झाला की डाव गेला. इतकी उघडी लढत मला दुसऱ्या कुठल्याही ओपनिंगमध्ये भेटलेली नाही.

त्यातही सी३ वरचं बलिदान. काळा हत्ती तिथला घोडा मारतो आणि प्याद्याकडून मारला जातो. हिशेबाने पाचाचा हत्ती देऊन तीनाचा घोडा घेतला, म्हणजे तोटाच. पण पांढऱ्या राजापुढची प्यादी विस्कटतात, आणि ती पुन्हा जुळून येत नाहीत. ही चाल पटावर पडलेली पाहिली की अजूनही माझा श्वास क्षणभर अडकतो.

म्हणूनच १९७४ चा कार्पोव्ह-कोर्चनॉय डाव इतका कठोर वाटतो. मॉस्कोतल्या आव्हानवीरांच्या अंतिम सामन्यातला तो दुसराच डाव. एचचं प्यादं देऊन फाइल उघडल्यावर, सगळे पुढच्या घावाची वाट पाहत असताना, कार्पोव्हने सोळाव्या चालीत डी४ वरचा घोडा मागे ई२ वर घेतला. सी३ च्या घोड्याला आधार मिळाला आणि काळ्याच्या बलिदानातला जीवच गेला. सत्ताविसाव्या चालीला सगळं आटोपलं. ड्रॅगन मोडीत निघाला असं ज्यांना म्हणायचं असतं, ते हाच डाव पुढे करतात.

त्यांना मी १९९५ चं न्यूयॉर्क दाखवतो. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर आपला आनंद कास्पारोव्हसमोर बसला होता. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले, नववा आनंदने जिंकला, दहावा कास्पारोव्हने. अकराव्या डावात कास्पारोव्हने अचानक ड्रॅगन काढला. एचचं पांढरं प्यादं पुढे येताच त्याने स्वतःचं एचचं प्यादं दोन घरं पुढे टाकून वाट अडवली. ही सॉल्टिसची पद्धत. एकतीस चालींत आनंद हरला, आणि तेरावा डावही ड्रॅगननेच नेला. त्या हरण्याचं दुःख मला अजून आहे, पण त्या डावाचं सौंदर्य मी नाकारू शकत नाही. विश्वविजेतेपद पणाला लागलेलं असताना जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू ज्यावर विसंबला, त्याला कच्चं कसं म्हणावं?

आज संगणक पांढऱ्याला झुकतं माप देतो आणि अव्वल खेळाडू बहुतेक वेळा सिसिलियनच्याच नायडॉर्फ प्रकाराकडे वळतात. ते मला मान्य आहे. पण ड्रॅगनचा निकाल लावणारी चाल संगणकालाही सापडलेली नाही, आणि घड्याळ चालू असताना समोर माणूस बसलेला असतो. पांढऱ्यालाही पंधरा-वीस चाली अचूक खेळाव्या लागतात, तो चुकला तर शिक्षा तितकीच मोठी. माझ्या मते ड्रॅगन काळ्यासाठी पक्का आहे. फक्त अर्धवट अभ्यासाला तो क्षमा करत नाही.

तुम्हाला तो खेळायचा असेल तर आधी कार्पोव्हचा तो डाव पटावर मांडा. सोळाव्या चालीपाशी थांबा, काळ्याच्या बाजूला बसा, आणि पुस्तक न उघडता उत्तर शोधा.